माझ्या वाट्याची बोलणी

परवा भर दुपारी, आमच्या पडेगावच्या घरात, मी चक्क बोलणी मागून घेतली. भांडून मागितली म्हणा ना...

आधी थोडं सांगते. माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले, कुबड्यांवर चालते. महिन्याला निराधारचं अनुदान येतं, त्यात माझं औषधपाणी आणि मोबाईलचा रिचार्ज भागतो. कुणापुढे हात पसरावा लागत नाही, एवढीच त्यातली चैन.

दुष्काळात गावाकडचा चारा संपला, मेंढरं विकली, आणि दादा इथं पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर लागला. आमच्या भोवती नुसती अपार्टमेंट उभी राहताहेत. फ्लॅट आले तशा बायका आल्या आणि बायकांबरोबर ब्लाउज आले. शिलाई मी शिकलेली होतेच, मोटर बसवलेलं मशीन घेतलं.

आणि तिथंच घोळ झाला. हयातीच्या दाखल्यासाठी तहसीलला गेले होते, तिथं रांगेतली एक बाई कानात म्हणाली, धंदा करतेस कळलं की अनुदान बंद! माझी पाचावर धारण बसली. खरा नियम काय, हे खिडकीवर विचारायचीसुद्धा हिंमत झाली नाही... विचारलं की कळणारच ना, ही धंदा करते म्हणून!

मग घरात ठरलं, मशीन वहिनीचं. दारात बायकांशी तिनं बोलायचं, मापाचं ब्लाउज तिनं घ्यायचं, आणि मी आतल्या खोलीत पडद्यामागं बसून शिवायचं. आमच्या वहिनीला साधं बटण लावता येत नाही, हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

धंदा चालला. पण नाव झालं वहिनीचं! 'काय फिनिशिंग आहे हो तुमच्या हाताला,' हे मी आतून ऐकायचे आणि दातांनी दोरा तोडायचे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर बायकांनी तिला मधोमध बसवून घेतलं. बयेची उत्तरं काय एकेक! "लई बारीक काम असतंय वो ते, डोळे जातेत." अगं, डोळे माझे जातात! मी कोपऱ्यात खुर्चीवर तिळगूळ चावत बसले होते, तर शेजारची मलाच म्हणते, "नशीबवान आहात, अशी कर्तबगार वहिनी मिळाली. तुम्हालाही सांभाळते."

घरी येऊन मी वहिनीशी धड बोलले नाही. तिची काही चूक नव्हती, नाटक माझ्याच सांगण्यावरून चाललं होतं. तरी जळत होते... खोटं कशाला बोलू?

तर परवा. समोरच्या अपार्टमेंटमधल्या काकू, रिटायर्ड शिक्षिका, हातात ब्लाउज घेऊन तणतणत आल्या. एकदाच घातलं, धुतलं, आणि आता मुंढ्यात हात जात नाही म्हणे. "अस्तर न भिजवता कापलंत ना? उद्या माझ्या लेकीचा साखरपुडा आहे! काय घालू मी?"

बरोबर होतं त्यांचं. सुती अस्तर आधी भिजवून वाळवून घ्यायचं असतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. पण किती दिवस नळ आला नव्हता, त्या दिवशी बादलीभर पाणी मी भांड्यांसाठी राखलं... टँकरवाल्याच्या घरात पाणी नाही, हे कुणाला सांगून पटायचं?

वहिनी मान खाली घालून उभी. "चुकलं काकू. माझंच चुकलं."

खरं तर मला तिची दया यायला हवी होती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला! कौतुक तर सगळं हिनंच घेतलं, आता माझी चूकसुद्धा हिच्याच नावावर?

कुबड्या घेतल्या आणि पडदा सारून बाहेर आले. "काकू, ते ब्लाउज मी शिवलंय. सगळीच मी शिवते."

"ताई, गप बसा की..." वहिनी कुजबुजली, "निराधारचं काय व्हईल?" पण तोंडातून शब्द निघून गेला होता.

काकूंनी आधी कुबड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम मऊ. "अगं बाई, तू होय... असू दे, असू दे. एवढं करतेस तेच खूप आहे. मी दुसरं घालीन काहीतरी."

वहिनीला भर दारात फैलावर घेतलं आणि मला असू दे? "असू दे कशाला काकू? मी ब्लाउज काय पायानं शिवते का? तिला जेवढं बोललात तेवढं मलाही बोला!"

काकूंनी चष्मा वर सरकवला आणि सुरू झाल्या... अस्तराचं झालं, हुक ढिले लावलेत ते झालं. पाणी नव्हतं तर तोंड उघडून सांगायचं, बादलीभर मी दिलं असतं, तेही झालं. "संध्याकाळपर्यंत अस्तर बदलून हवंय. नाही जमलं तर पुन्हा या दारात येणार नाही." माझे कान तापले होते, पण एकेक शब्द मी नीट ऐकून घेतला.

संध्याकाळी ब्लाउज दिलं. काकूंनी घालून बघितलं, दोन्ही हात वर करून बघितले आणि "ठीक आहे" एवढंच म्हणून गेल्या.

आता सगळ्या अपार्टमेंटला कळलंय. सोमवारी तहसीलला जाऊन खिडकीवर मी स्वतःच विचारणार आहे. अनुदान राहील की जाईल माहीत नाही, भीती वाटतेच. वहिनी मात्र कालपासून फुगून बसलीये... "आता मला कोन इचारतंय!" म्हणे.

काकू, तुम्ही हे वाचत असाल तर मनापासून आभार. कुबड्या दिसल्यावरही तुम्ही मला पुरतं बोललात, काही म्हणजे काही कमी केलं नाहीत.