शिडाचं पोट

आई गेल्यावर बाबांना मी ओमानमध्ये, मस्कतजवळच्या सीबला माझ्या घरी घेऊन आले. आणलं म्हणजे उचलूनच आणलं. विचारलं असतं तर ते देवगडच्या किनाऱ्यावरून हललेच नसते. इथे त्यांना स्वतंत्र खोली होती, एसी होता, बाल्कनीतून समुद्राची चिंचोळी पट्टीही दिसायची. तरी दर चार दिवसांनी म्हणायचे, "माका घरी जावचा आसा." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांचं रेसिडेंट कार्डही मी त्यांना न विचारताच रिन्यू करून टाकलं.

त्यांचा जीव रमावा म्हणून मी होडी बांधायला घेतली. प्लायवूडची अरुंद होडी, आणि तोल सांभाळायला एका बाजूला आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका. बाबांनी त्याला बघताक्षणी उलांडी म्हटलं. त्यांची गावची होडी तशीच होती. शीड मात्र मी इंटरनेटवर शोधलेलं, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. दोन बांबू एका टोकाशी जोडलेले आणि मधे तिकोनी कापड.

"ह्या काय? कुर्लेचो डेंगो?" बाबांनी विचारलं. इंग्रजीतही त्याला खेकड्याच्या नांगीचंच नाव आहे हे सांगितलं, तेव्हा ते कित्येक महिन्यांनी हसले.

मी रुवीतल्या ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर. कुठे काही सैल दिसलं की माझे हात शिवशिवतात. कापड मी बांबूंना असं ताणून बांधलं की टिचकी मारली तर वाजावं. बाबा बघत होते, बोलले काहीच नाहीत. मला वाटलं, पसंत पडलं.

शुक्रवारी सकाळी लाइफ जॅकेट घालून आम्ही किनाऱ्यालगतच होडी काढली. वारा चांगला होता, पण होडी पुढे जायचं नाव घेईना. नुसती आडवी सरकत होती. मी शिडाचा दोर आणखी खेचला. किनाऱ्यावर जाळं साफ करत बसलेला म्हातारा ओमानी कोळी हात हलवून "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, करत होता, त्याने तर माझं डोकंच फिरलं.

"सैल सोड गो," बाबा म्हणाले. "शिडाक पोट नको?"

त्यांनी बांबूंवरच्या गाठी एकेक करून ढिल्या केल्या. कापड लोंबायला लागलं, मला ते बघवेना. मग त्यात वारा भरला, शीड फुगलं आणि होडी सरळ निघाली. बाबांनी सुकाणू माझ्या हातात दिलं आणि ते पुढे जाऊन बसले.

"मी घट्ट बांधत होते, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू माका विचारलंस खंय?"

ते शांतपणेच म्हणाले. मला त्या कार्डाची आठवण झाली आणि फार लाज वाटली.

घरी आल्यावर मी फोन उघडला. "बाबा, तिकीट कधीचं काढू?"

त्यांनी पुढच्या आठवड्यातला वार सांगितला, जणू कधीचा ठरवून ठेवला होता. त्यांनी जावं असं मला वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तरी मी तोच वार तिकिटासाठी भरला.

बाबा बाल्कनीत उभे राहून समुद्र बघत होते.

"थंडीत हंयचो वारो कसो आसता गो?"

"चांगला असतो."

या वेळी मी तारीख माझ्याच मनाने टाकली नाही.

"मग येतानाचं कधीचं काढू, बाबा?"