न सापडणारा वकील

अकोल्याच्या कोर्टात अ‍ॅडव्होकेट किशोर गावंडे यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांना आपली केस देईल असा माणूसही फारसा नव्हता. दोन ओळींच्या अर्जावर ते जेवणाच्या सुटीपर्यंत बोलत. मधेच शेर म्हणत, बाटलीतलं ताक पीत आणि पक्षकाराचं दुःख सांगता सांगता स्वतःच रडत.

‘कोर्ट उठलं का?’ ही विनोदी मालिका आली आणि गावंडेंचं नशीब उघडलं. त्यातला वकील भुजंगराव नेमका हेच करायचा. गावंडेंनी बाररूममध्ये जाहीर केलं, “लिहिणारा पोट्टा आपल्या कोर्टात येऊन बसला होता. मलेच पाहून लिहिलं त्यानं.” असा पोट्टा कुणीच पाहिला नव्हता. पण जुन्या शहरातल्या पानठेल्यावर “काय भुजंगराव?” अशी हाक यायला लागली. अंजनगाव सुर्जीच्या एका लग्नात तर नवरदेवाच्या आधी त्यांनाच शाल-श्रीफळ मिळालं.

यंदा मालिकेचं नवं पर्व आलं आणि समीक्षकांनी ते झोडपून काढलं. एकानं पहिला भाग अर्धा पाहून पूर्ण पर्व फसल्याचं लिहिलं. पुण्याच्या दामिनी लेले यांनी लिहिलं, “भुजंगराव म्हणजे निव्वळ अतिशयोक्ती. असा वकील महाराष्ट्रातल्या कुठल्याही कोर्टात सापडणार नाही.” लेलेबाई स्वतः कोर्टात एकदाच गेल्या होत्या, लग्न नोंदवायला. तेव्हाही इमारत चुकली होती.

गावंडेंनी लेख वाचला आणि ताट बाजूला सारलं.

“तिनं तुमचं नाव तं घेतलं नाही,” त्यांची बायको दीपमाला म्हणाली.

“नाव घेतलं असतं तं चाललं असतं. मी जगात नाहीच म्हणते ते.”

“मंग फोन करून सांगा तिले, मी आहो म्हणून.”

“फोन नाही. केस.”

त्यांनी खरोखरच बदनामीची फिर्याद ठोकली, आणि तीही स्वतःच चालवायची ठरवली. कोर्टानं लेलेबाईंचं म्हणणं ऐकायला नोटीस काढली. वकील पाठवून भागलं असतं, पण बाईंना त्यात दुसरा लेख दिसला. त्या वकिलासोबत स्वतःच आल्या.

सुनावणीला बाररूम ओस पडली, कारण सगळे वकील कोर्टात येऊन बसले होते.

“थोडक्यात सांगा,” न्यायाधीश म्हणाले.

गावंडेंनी एका शेरानं सुरुवात केली. मग म्हणाले, “साहेब, मतस्वातंत्र्य ही काय चीज आहे, हे आधी पाहू.” एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना स्वतःचा आवाज आवडायला लागला. संविधान झालं, लेखणीची ताकद झाली, मधे ताक झालं. “ज्या देशात समीक्षकाले त्याचं मत लिहू देत नाहीत,” ते हात उंचावून म्हणाले, “त्या देशाले…” आणि ते रडायलाच लागले. रुमाल सापडेना, तेव्हा त्यांनी गाऊनच्या बाहीनं डोळे पुसले.

लेलेबाईंचे वकील उठले. “मला वेगळं काही बोलायचं नाही. फिर्यादीच्या म्हणण्याशी आम्ही पूर्ण सहमत आहोत.”

न्यायाधीशांनी फिर्याद फेटाळली.

“पण साहेब,” गावंडे गडबडून म्हणाले, “मी तं फिर्यादी आहो.”

“ते आमच्या लक्षात होतं,” न्यायाधीश म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात लेलेबाईंनी त्यांना गाठलं. “सर, माझं चुकलं.”

“काहून?”

“तुम्ही आहात.”

केस हरलेला माणूस त्या दिवशी पेढे घेऊन घरी गेला.

आठवड्याभरात बाईंचा दुसरा लेख आला. नवं पर्व वास्तवाच्या मानानं फारच संयत आहे, असं त्यांनी लिहिलं आणि रेटिंगमध्ये दीड तारा वाढवला. मग बाकीच्यांनाही जाग आली. कालपर्यंत ज्यांना अतिशयोक्ती दिसत होती, त्यांना आता मालिकेत ‘वऱ्हाडच्या मातीचा अस्सल गंध’ येऊ लागला. त्यांतल्या एकानंही ही माती पायाला लावून घेतली नव्हती.

गावंडेंच्या तारखांना आता गर्दी होते. अमरावतीहून लॉ कॉलेजची पोरं येतात, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो म्हणून हळहळतात. पक्षकार मात्र वाढले नाहीत. परवा शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणातले रामराव नावाचे एक गृहस्थ मूर्तिजापूरहून आले. गावंडेंनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली.

“वकीलसाहेब,” रामराव अदबीनं म्हणाले, “तुमी माह्या भावाची केस घ्याल का? आमच्या विरोधात आहे तो. तुमची फी मी देतो.”

गावंडेंनी विचार करून सांगतो म्हटलं.