चिनी लग्नातल्या अक्षता

नव्या तांदळाचा वास आला की मला बदनापुरातली ती दुपार आठवते. लग्नाला सहा महिने झाले होते. लग्न म्हणजे काय, तर कचेरीत केलेल्या सह्या; सासूबाई रुसून आल्याच नव्हत्या आणि घरातही माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. त्या दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर माझी चिनी मालिका चालू होती: स्वर्गातला सेनापती आणि पृथ्वीवरची औषधं कुटणारी मुलगी, तिसऱ्या जन्मी पुन्हा भेटलेले. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी एकटीच हसत होते. शेवटी सासूबाईंना राहवेना. "काय म्हणून राह्यला तो?" मी म्हटलं, लग्न आहे त्यांचं. तीन नमस्कार करायचे. आधी आभाळ-धरतीला, मग आईबापाला, मग एकमेकांना. "अंतरपाट न्हाई, मामा न्हाई, मंग लगीन लागलं ते कळायचं कसं?" तिसऱ्या नमस्काराला दोघं वाकतात तोच दारात सैन्य येऊन थडकलं. सासूबाईंनी सुपातले मूठभर तांदूळ उचलले आणि "सावधान!" म्हणत मोबाइलवर टाकले. "आता कोण मोडतंय बघते!" मुठीत थोडे दाणे उरले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ते माझ्या डोक्यावर टाकले. "कुंकू न्हाई लावलेलं, पण चालतंय." त्यानंतर मी अशा कितीतरी मालिका पाहिल्या. तिकडं लग्न लागलं हे नेमकं कशावरून कळतं, ते मला अजून ठाऊक नाही. माझं मात्र त्या दुपारी लागलं.