दोन मुकी बटणं

ऑफिसात त्याला सगळे ‘तपासनीस’ म्हणत, आणि जरा दबकूनच म्हणत. जन्मापासून दृष्टी नसलेला हा गृहस्थ सरकारी वेबसाइट लोकांसाठी खुल्या होण्याआधी तपासून द्यायचा. पानावर जे असेल ते संगणकातला आवाज त्याला वाचून दाखवी. बटणाला नाव दिलेलं नसलं की तो आवाज नुसतं ‘बटण’ म्हणून मोकळा होई. अशा बटणांवर तपासनीसाचा भारी राग. वीस वर्षांत त्याने नाकावर माशी बसू दिली नव्हती. साध्या चित्राचं वर्णन राहिलं, तरी बनवणाऱ्याची बिनपाण्याने व्हायची.

घरांच्या अर्जाचं पान त्याच्याकडे पाच वेळा आलं. अपंगांसाठी तळमजल्यावरची घरं, अर्ज फक्त वेबसाइटवर, मुदत आठ दिवस. अर्जाच्या शेवटी दोन बटणं होती आणि दोन्ही मुकी. पहिल्याने भरलेलं सगळं पुसलं जायचं, दुसऱ्याने अर्ज जायचा. चार फेऱ्यांत त्याने हे लिहून दिलं. पान बनवणारी मुलगी दर वेळी “करते, सर” म्हणायची आणि भलतंच काहीतरी दुरुस्त करून आणायची. पाचव्या फेरीपर्यंत त्याच्या बोटांना अर्ज पाठ झाला होता. शेवटच्या रकान्यानंतर टॅबची कळ दोनदा, की दुसरं बटण, मग एंटर. दोन्ही बटणांवर आवाज अजून नुसतं ‘बटण’च म्हणत होता, पण त्या दिवशी तपासनीस ऐकत नव्हता. तीन मिनिटांत अर्ज गेला. साहेबांनी दारातून विचारलं, “झालं का?” तो म्हणाला, “झालं.” शेरा लिहिला, ‘अडचण नाही.’ कुणाचं दडपण नाही, काही नाही. मुरलेल्या माणसाचा गाफीलपणा, दुसरं काय! पण त्याने व्हायचा तो घात झालाच.

त्याची थोरली बहीणही दृष्टिहीन. ब्रेल त्याला तिनेच शिकवली. टेलिफोनवरच्या नोकरीतून निवृत्त झालेली ताई चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सात महिने ती खाली उतरली नव्हती. तळमजल्यावर घर मिळालं तर पुन्हा रस्त्यावर पाऊल टाकता येईल, एवढ्या आशेवर दिवस काढत होती. “अर्ज मी भरून देऊ का?” असं त्याने विचारलं, तर उखडलीच.

“का? माझे हात मोडलेत का? तूच पास केलंयस ना ते पान? मग भरते माझी मी.”

यादी लागली. तिच्यात ताईचं नाव नव्हतं. त्याने गृहनिर्माण खात्यात फोन लावला, तर या नावाचा अर्जच आला नाही म्हणाले. चार जिने चढून तो ताईच्या दारात पोचला आणि धापा टाकतच त्याने विचारलं, “अर्ज पाठवला नाहीस?”

“पाठवला की. सात वेळा.” ताईचा आवाज खाटेवरून आला. “सगळं भरायचं, बटण दाबायचं, की पान कोरं. वाटलं, काहीतरी चुकतंय म्हणून घेत नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुढे आणखी एक बटण होतं, पण ते रद्द करायचं असेल म्हणून हातच लावला नाही.”

“मला एक फोन नाही करायचा?”

“तूच सांगितलं होतंस, अडचण नाही म्हणून. म्हटलं, आता आपलंच डोकं चालेनासं झालं. साधा अर्ज जमेना. लाज वाटली रे तुला सांगायची.”

तपासनीसाने तिथूनच साहेबांना फोन केला, चूक आपली म्हणून कबूल केलं, अर्ज पुन्हा घ्या म्हणून गयावया केली. साहेब शांतपणे म्हणाले, “अहो, मुदत संपली. आणि शेरा तुमच्याच सहीचा आहे.”

फोन ठेवून तो खाटेशी बसला. “ताई, तुझं काही चुकलं नाही. मला पाठ झालं होतं. मी ऐकलंच नाही.”

“म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

“अगदी ठीक आहे.”

“पुढची यादी कधी?”

“तीन वर्षांनी.”

ताई म्हणाली, “डोकं गेलेलंच बरं होतं रे. आता हे शाबूत डोकं घेऊन तीन वर्षं इथे काय करू?”