मुक्ताबाईंचं विरजण

पुण्याजवळ वाघोलीत, नगर रोडवर माझा दवाखाना आहे आणि शेजारच्या गाळ्यात मुक्ताबाई दही विकतात. नवरा गेनबा गेल्यावर जमिनीचे तुकडे पडले, तुकड्यांवर इमारती उठल्या; मुक्ताबाईंच्या वाट्याला आल्या म्हशी, पत्र्याचा गोठा आणि सासूनं जपलेलं विरजण. त्या विरजणावर त्यांनी नाव कमावलं. सोसायट्यांतली माणसं गाड्या आडव्यातिडव्या लावून रांगेत उभी राहतात. माझ्या पेशंटना दारापर्यंत येता येत नाही, तरी मी तक्रार करत नाही, इतकं ते दही चांगलं आहे.

रणजित त्यांच्या दिराचा मुलगा. हिंजवडीच्या कंपन्यांना बस पुरवायचा त्याचा धंदा बसला, तसा त्यानं बरोबर समोर दह्याचं दुकान थाटलं. दुकान कुणीही काढावं. पण बोर्डावर त्यानं लिहिलं, 'मुक्ताबाईंचे घरगुती दही. मूळ दुकान. आमची कुठेही शाखा नाही.' शेजारी मुक्ताबाईंचा हसरा फोटो, त्याच्याच लग्नात काढलेला.

मुक्ताबाईंनी बोर्ड पाहिला आणि आत जाऊन पुन्हा दही मोजायला घेतलं. मला ते जमत नाही. मी रस्ता ओलांडून गेले.

"रणजितराव, ते नाव उतरवा."

"हेल्दी कॉम्पिटिशन आहे मॅडम," तो मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला. "तुम्ही आपल्या गोळ्या विका."

स्पर्धा काय असते ते मला त्याच्याकडून शिकायचं नव्हतं. शिळ्या पावावर बुरशी आणि जंतू एकाच घासासाठी येतात, तेव्हा कुठली कुठली बुरशी अंगातून विष सोडून जंतूंना मारते. तसलंच विष आम्ही माणसाला औषध म्हणून देतो. त्यात पोटातले भले जंतूही मरतात, म्हणून मी पेशंटला दह्यासाठी मुक्ताबाईंकडे पाठवते; दह्यात तसलेच भले जंतू असतात. भल्यांनी जागा धरली की वाईटांना बसायला पाट मिळत नाही. सगळीकडे हेच चालतं, पोटातही आणि नगर रोडवरही. पण बुरशी जंतूच्या नावाची पाटी लावून बसत नाही. तेवढी लाज बुरशीलाही असते.

कहर पुढेच होता. रणजितची बायको तनुजा रोज संध्याकाळी वाटी घेऊन विरजण मागायला मुक्ताबाईंकडेच यायची. तिची मान खाली असायची. त्यांच्या घराण्यात विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या वाटीनं पाठवत नाहीत. मुक्ताबाई वाटी भरून द्यायच्या आणि माझा जळफळाट व्हायचा.

"कशाला देता हो?"

"आमच्यात न्हाई म्हनत न्हाईत, डॉक्टर. सासूनं शपथ घातलीया." मग समोरच्या बोर्डाकडे बघत म्हणाल्या, "माझं नाव त्याच्याच हातानं खाली उतरवीन. तोवर मला घास गोड लागायचा न्हाई."

अशात रणजितचं दही बिघडायला लागलं. कधी पातळ, कधी नुसतंच दूध. गिऱ्हाईक चिडलं की तो आमच्याकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, म्हातारी जळते, मुद्दाम मेलेलं विरजण देते. एका रविवारी तो हे भर रांगेसमोर बोलला. सासूच्या विरजणाला मेलेलं म्हटलेलं ऐकून मुक्ताबाई गल्ला सोडून बाहेर आल्या.

"तुझं दूध आन. माझं दूध मी आनते. विरजण एकच. दोन्ही भांडी डॉक्टरांच्या टेबलावर ऱ्हातील, चावी डॉक्टरांकडं. माझं लागलं न्हाई तर मी दुकान बंद करते. तुझं लागलं न्हाई तर बोर्ड तू उतरवायचा."

"चालेल की," रणजित हसत म्हणाला. एवढी माणसं बघत होती, त्याला दुसरं काही म्हणता येईना.

संध्याकाळी सगळ्यांसमोर दोन भांड्यांत विरजण पडलं. माणसं गेल्यावर मी मुक्ताबाईंना विचारलं, "एवढी खात्री?"

"त्याचा टेम्पो कुठल्या गोठ्यावर जातो ते मला ठावं हाय. तिथल्या गाईंना दगडी झालीया. कास सुजली की इंजेक्शन देत्यात. त्या दिवसांतलं दूध डेअरी घेत न्हाई, म्हणून ह्याला स्वस्तात मिळतं. असल्या दुधात विरजण जगत न्हाई. गाई राखलेलं कुनीबी सांगंल. हा बस राखत बसला."

म्हणजे मी पेशंटला देते तसलंच जंतू मारणारं औषध दुधात उतरून विरजण मारत होतं. मी संतापले. "असलं दूध लोकांना? आत्ताच सांगते त्याला."

"सकाळी सांगू की. चार मानसांत."

मी सकाळपर्यंत थांबायला तयार झाले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता.

सकाळी दवाखान्यासमोर गर्दी. मुक्ताबाईंनी आपलं भांडं तिरकं केलं. दही हललं नाही. रणजितचं तिरकं केलं, तर पांढरं पाणी माझ्या टेबलावरून थेट त्याच्या बुटांवर. मग मुक्ताबाईंनी गोठ्याचं नाव घेऊन सगळं सांगितलं, आणि मी डॉक्टर म्हणून सांगितलं की हे दूध आजपासून गटारात जाईल, नाहीतर मी तक्रार करते. माणसं सरळ आमच्या रांगेत येऊन उभी राहिली.

रणजितनं शिडी आणली. ती डगमगायला लागली तशी मुक्ताबाईंनी जाऊन खालून धरली.

"सावकाश उतर. पडलास तर दवाखाना समोरच हाय."

तो फ्लेक्स मुक्ताबाईंनी मागून घेतला आणि गोठ्याच्या गळक्या पत्र्यावर टाकला.

संध्याकाळी तनुजा वाटी घेऊन आली. "घरच्यापुरतं असंल तर ने पोरी," मुक्ताबाई म्हणाल्या. "दुकानाला पायजे असंल तर त्याला धाड." तनुजानं वाटी घरच्यापुरती भरून नेली. जाताना ती किंचित हसली, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी रणजित आला. दूध त्यानं बदललं होतं, पण दुकानाला विरजण त्याच्याकडे नव्हतं. मुक्ताबाईंनी त्याला रांगेच्या शेवटी उभं केलं. पुढे येईपर्यंत त्याच्या मागेही आणखी माणसं लागली होती. मी पेशंटला थांबवून दारात आले.

"काकू, थोडं विरजण."

"कुनाचं?"

"तुमचं."

"नाव काय माझं?"

त्यानं मागे पाहिलं. रांग ऐकत होती.

"मुक्ताबाई."

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

तो मोठ्यानं म्हणाला. मुक्ताबाईंनी त्याची वाटी काठोकाठ भरली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.