बाबांच्या वस्तऱ्यासाठी शेलूबाजारपर्यंत

चूक माझी होती, हे आधीच सांगते. बाबांचा चामड्याचा पट्टा मीच वाया घालवला. दाढीच्या आधी वस्तरा ज्याच्यावर फिरवून धार जागी करतात, तो पट्टा. पस्तीस वर्षं बाबांनी तो वापरला होता. मला वाटलं, कोरडा पडलाय बिचारा. म्हणून मी त्याला चांगलं वाटीभर खोबरेल चोळलं आणि गॅलरीत उन्हात टांगलं. दोन दिवसांत तो आधी मऊ पडला, मग वाळल्या पडवळासारखा पिळला.

एरवी बाबा घर डोक्यावर घेतात. या वेळी नुसती भिंतीकडे मान वळवली. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेल्यापासून दाढी मी करून देणार असं ठरलं होतं. दुसरं कुठलंही पातं त्यांना चालत नाही, आणि पट्ट्याशिवाय वस्तरा नुसता ओरबाडतो. दाढी वाढली, तसं त्यांनी खाली बाकावरच्या मित्रांकडे जाणं बंद केलं. ऑनलाइन मागवलेला पट्टा तर निव्वळ रेक्झिन निघाला. शेवटी मी विचारलं, "तुम्ही तो आणला कुठून होता?"

"शेलूबाजार," बाबा म्हणाले. "बँकेत होतो तेव्हा. स्टँडजवळचा सलूनवाला किसन. आता असेल की नाही, देव जाणे."

मी शनिवारी सकाळी निघाले.

छत्रपती संभाजीनगरहून नागपूरच्या बाजूला जाणारी, जालना-मेहकर-मालेगावावरून जाणारी एसटी पकडा. समृद्धीवरून जाणाऱ्या गाडीत चुकून बसू नका, ती तुम्हाला गावात सोडणार नाही. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. मेहकरला चहा बरा मिळतो. मालेगाव सोडलं की दोन्ही बाजूंना तूर उभी होती, शेंगांनी वाकलेली. मला मात्र सारखं एकच वाटत होतं, किसन नसला तर घरी जाऊन काय सांगू?

दुपारी शेलूबाजारला उतरले. फाट्यावर जीपवाल्यांचा आरडाओरडा. आधी गरम आलूबोंडा रश्श्यात बुडवून खाल्ला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, पण धीरही आला. हॉटेलवाल्यानंच बोटानं सलून दाखवलं.

किसनकाका होते! सलून आता मुलगा चालवतो, फेकायच्या ब्लेडवर. काका बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी बाबांचं नाव सांगितलं आणि पिशवीतून त्यांचा वस्तरा आणि पिळलेला पट्टा काढला. काकांनी पट्टा नाकाजवळ नेला.

"इंगळेसायबाची पोरगी हायेस तू? अन् चामड्याले तेल कायले लावलं वं? लोनचं घालून राह्यली होती का?"

सलूनमधली सगळी गिऱ्हाइकं हसली. हसू देत. माणूस सापडला होता.

काकांनी पेटीतून तीन पट्टे काढले, अनसिंगच्या एका कारागिरानं कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचे. "निवड," म्हणाले. मी लगेच सगळ्यात जाड आणि चकचकीत उचलला.

"ते पॉलिश हाय. चमकते तिथं वस्तरा घसरते. डोये मिट अन् हात फिरव. हात जराक अडला पायजे."

डोळे मिटले. पहिल्यावरून हात सुळकन गेला. दुसऱ्यावर मध्येच एक गाठ लागली. तिसऱ्यानं तळहात हलकाच धरून ठेवला, सोडला, परत धरला. वाकवून पाहिला तर एक सुरकुती नाही. पात्याच्या लांबीइतका रुंद, कडा सरळ.

"हाच."

"आता शिकली," काका म्हणाले. "याले तेल नाई लावाचं. रोज तळहातानं घास. हाताचं तेल पुरते त्याले."

मग शिकवणी सुरू झाली, आणि तीसुद्धा कंगव्यावर. वस्तऱ्याला हात लावू देईनात. पट्टा ताणून धरायचा, ढिला सोडला की धार गोल होते. पात्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाशी पोचल्यावर पाठीवरून पलटायचं, धारेवरून कधीच नाही.

"जोर काहून लावून राह्यली? पोळी लाटाची हाय का? नुसतं वजन राहू दे."

संध्याकाळपर्यंत माझं मनगट भरून आलं. मुक्काम मंगरूळपीरला केला. जीपनं अर्धा तास, लॉज साधं पण स्वच्छ, जेवणात भाकरी आणि झणझणीत वांगं. खाटेवर बसूनही मी कंगवा पलटत होते.

सकाळी सलून उघडताच हजर झाले. काकांनी बाबांचा वस्तरा माझ्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसून मान मागे टाकली.

"घे. माही दाढी कर."

दारात पाच-सहा जण जमले. एक म्हातारा म्हणाला, "किसन, पोरीच्या हाती गर्दन देतं का?" काकांनी डोळे मिटून घेतले. मी चाळीस वेळा वस्तरा पट्ट्यावर फिरवला, फेस लावला आणि श्वास रोखून पहिला हात मारला. कसलीच खरखर झाली नाही. गाल, हनुवटी, गळा, एकही ओरखडा नाही. शेवटाला पोचले तेव्हा काका चक्क घोरत होते! दारातल्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

पट्ट्याचे चारशे त्यांनी घेतले, पण दाढीचा भाव माझ्या मुठीत कोंबला. "हे तुही भवानी. बापाले सांगजो, किसन झोपला होता."

सोमवारी सकाळी खिडकीच्या कडीला नवा पट्टा अडकवला. बाबांनी डाव्या हातानं तो चाचपला, वास घेतला आणि मान मागे टाकली. अर्ध्या गालावर आले तेव्हा त्यांचा श्वास संथ झाला होता. मी किसनकाकांचा निरोप सांगायची थांबले, कारण ऐकायला कोणी जागं नव्हतं.

उठल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझा पांढरा शर्ट कुठाय?"

त्या प्रवासातून पट्टा मिळाला, तिखटाची चव राहिली आणि मनगटाला एक लय. पण मला विचाराल तर मी गेले होते ते त्या सकाळसाठी. गॅलरीतून बघत होते. बाबा काठी टेकत बाकापर्यंत पोचले, शेजारच्या मित्राचा हात धरला आणि तो उचलून आपल्याच गालावर फिरवला.