मागावरची लाल चिंधी

आमची धाकटी तापात गेली आणि तिचं वर्ष व्हायच्या आत आम्ही खानदेश सोडून सुरतेला आलो. लिंबायतला खोली, जवळच खातं. मागांच्या कारखान्याला इकडं खातंच म्हणतात. आमचे हे माग चालवायचे, मी कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरायची.

मागांचा आवाज असा, की शेजारच्याला हाक मारली तरी त्याला नुसते ओठ हललेले दिसायचे. म्हणून यांनी युक्ती केलेली. मागाच्या चौकटीला खिळा मारून त्यावर बांबूची हलकी काडी अडकवायची, एक टोक काठाच्या धाग्यांवर टेकवायचं. धागे तुटले की ते टोक खाली, दुसरं वर, आणि वरच्या टोकाला बांधलेली लाल चिंधी लांबून दिसायची. सगळ्या चिंध्या धाकटीच्या झग्याच्या. मला विचारूनच फाडला होता हो. पेटीत ठेवून तरी मी काय करणार होते?

जुन्या मागांवर छान चाललं. मग शेठनी दुसऱ्या बनावटीचे माग आणले. यांनी तश्शाच काड्या बसवल्या, पण त्या मागांची चौकटच थरथरायची. धागा शाबूत, आणि चिंधी आपली खालीवर. शेजारच्या कारागिराने सुट्टीत यांना विचारलंही, मामा, मागाचं लगीन काढलं का म्हणून. सगळे हसले. मला हसू येईना. कांडी भरताना डोळ्याच्या कोपऱ्यातून मागांच्या मधून कोणीतरी पळत गेलेलं मला दिसायचं. मान वळवली की कोणी नाही. खाली बघितलं की परत पळाली.

शेवटी यांना सांगितलं, मी आता खात्यात येत नाही.

त्यांनी कारण विचारलं नाही. पाळी सुटल्यावर थांबून काड्या चौकटीवरून काढल्या, छताच्या वाशाला दोऱ्या बांधून लोंबत्या सोडल्या. आता काडी मागाला शिवतच नव्हती, फक्त धाग्यांना. घरी येऊन म्हणाले, "धागा ते सर्वा मागस्वर सारखाच शे. मीच येडा, काडी मागले बांधी बसनू."

मग मला घेऊन गेले. नवे-जुने सगळे माग धडधडत होते आणि चिंध्या गप्प. कानाशी तोंड आणून त्यांनी विचारलं, "दुसऱ्या फडक्याची चिंधी बांधू का वं?"

मी मागांच्या मधल्या वाटेकडं बघत राहिले. कोणीच पळत नव्हतं. खातं इतकं रिकामं मला कधी वाटलं नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं, आणि कांड्या भरायला बसले. खरं सांगते, धागा तुटायची वाट बघत बसले.